सीटखालचं इंजिन : घरातल्या जुन्या व्हॅनबद्दल वाचकांचे प्रश्न

मारुतीची व्हॅन 1984 साली आली. 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, पण घरात तिला कुणी ओम्नी म्हटलं नाही. ती 'व्हॅन'च राहिली, आणि 2019 मध्ये उत्पादन थांबल्यावरही ती बऱ्याच अंगणांत, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्यात वाढलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आली आहेत आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणायच्या मागे लागली आहेत. या वेळी, शेवटची एक फोक्सवॅगन सोडली तर, फक्त अशाच गाड्यांचे प्रश्न घेतले आहेत. मारुतीसाठी जिथे आकडे दिले आहेत ते कार्ब्युरेटरच्या 796 सीसी, तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनासाठी आहेत. इंजेक्शनच्या नंतरच्या गाड्यांना ते लावू नका.

प्रश्न : वडिलांची 1986 ची व्हॅन नऊ वर्षं शेडमध्ये उभी आहे. आम्ही पाच चुलत भावंडं मागे दाटीवाटीने बसून दर मे महिन्यात तिच्यातून कोकणात जायचो. वडिलांच्या पंचाहत्तरीला ती चालू करून दारात उभी करायची आहे. मेकॅनिक म्हणतो, नवी बॅटरी लावून सेल मारू, दोन मिनिटांत सुरू होईल. मारू द्यावा का? (सांगली)

नको. सुरू होणार नाही म्हणून नको असं नाही. सुरू होईल, म्हणूनच नको. नऊ वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल खाली उतरून गेलंय, रिंगांच्या कडेला गंजाची बारीक रेघ धरलीय. कोरड्या भिंतीवर सेलच्या जोराने पिस्टन घासला की पहिल्या दहा सेकंदांतच चरे पडतात आणि पुढे आयुष्यभर ती गाडी निळा धूर ओकते.

आधी ब्रेक बघा, इंजिन शेवटी. गाडी चालू व्हायच्या आधी ती थांबते याची खात्री हवी. चारही चाकं काढा, ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरचं (ड्रमच्या आतला, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण बोटाने मागे सारलं की आत ओलसर, तपकिरी चिखल दिसेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि उभ्या गाडीत त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. तिथे नुसतं रबरांचं किट बदलून भागत नाही. भिंतीला खड्डे असतील तर अख्खा सिलिंडर नवा घ्या, नाहीतर महिन्याभरात तिथूनच गळती सुरू होते. सगळं जुनं ऑइल काढून नवं डॉट 3 भरा आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून, एअर काढत पुढे या. हँडब्रेकची केबल हमखास अडकलेली असते. ती ओढून सोडल्यावर चाक हाताने फिरतं का ते बघा.

मग पेट्रोल. टाकीतलं जुनं पेट्रोल एक थेंबही वापरू नका. त्याला वार्निशसारखा आंबट वास आला तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांत, डिंक जमलाच आहे असं धरा. टाकी उतरवून धुऊन घ्या. आत बघायला एलईडी टॉर्च घ्या, तारेचा बल्ब जवळही आणू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त पेट घेते, कारण तिच्यात वाफ असते. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, सगळे रबरी पाइप आणि फिल्टर नवे. कार्ब्युरेटर पूर्ण उघडून जेट हवेच्या दाबाने साफ करा. तार घालून भोक मोठं करणारा माणूस भेटला तर गाडी घेऊन निघा.

आता इंजिन. पुढच्या सीट उचला, तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिलिलीटर, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हाताने हळूहळू दोन पूर्ण फेरे द्या. फिरत नसेल तर पाइप घालून जोर करू नका. आणखी तेल सोडा, दोन-तीन दिवस थांबा, पुन्हा बघा. फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला (साधारण 3 लीटर 20डब्ल्यू-40, पण शेवटचा निकाल ऑइलची पातळी दाखवणाऱ्या गेजकाठीचा). प्लग बाहेरच ठेवून पाच-पाच सेकंद सेल मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तो विझला की प्लग बसवा, फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.4 ते 0.5. प्लगच्या वायरींचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-3-2.

टायमिंग बेल्ट किती किलोमीटर चालला हे विचारू नका. रबर नऊ वर्षं एकाच वळणात वाकून राहिलंय, तो बदलाच, टेन्शनरसकट. बेल्ट तुटला की गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि ती जागा निवडण्याचा अधिकार तुम्हाला नसतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसली तरी एवढे जुने टायर काढून टाका. पहिल्यांदा सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं जागेवरच चालू द्या, खाली पुठ्ठा पसरून कुठे थेंब पडतो ते बघा आणि बॅटरीवर मीटर लावा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. सुटे भाग वेळेवर मिळाले तर हे सगळं तीन आठवड्यांत होतं. पंचाहत्तरी महिन्यावर आली असेल तर आजच सुरुवात करा.

प्रश्न : लहानपणी दार सरकवलं की आतून एक वास यायचा. गरम रेक्झिन, रबरी मॅट आणि थोडंसं पेट्रोल. कुशनवाल्याने सगळं नवं केलं आणि तो वास गेला. परत आणता येईल का? (पुणे)

दोन तृतीयांश येईल. उरलेला एक तृतीयांश येऊ देऊ नका.

रेक्झिनचा वास त्यातल्या मऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांचा असतो, ती उन्हात सुटतात. जुनं कव्हर कुशनवाल्याकडे अजून असेल तर मागून घ्या आणि त्यातला फाटका नसलेला तुकडा मागच्या सीटच्या पाठीमागे, न दिसणाऱ्या बाजूला शिवून घ्या. पुन्हा काम कराल तेव्हा कुशनवाल्याला सांगा : कापडी नको, साधं जाड रेक्झिन, आतला फोम 40 घनतेचा, बसायच्या जागी 3 इंच. हल्ली ते मऊ, फुगीर फोम भरतात. त्याने सीट दीड-दोन इंच उंच होते, स्टिअरिंग मांडीला टेकतं आणि बसल्यावरची ती कडक, खडबडीत जाणीवही जाते. मॅट कार्पेटची न घालता रबराची घाला.

पेट्रोलचा वास हा मात्र त्या काळीही बिघाडच होता, तुम्ही लहान असल्यामुळे त्याला व्हॅनचा वास म्हणत होता. तो तीन जागांहून येतो. टाकीच्या तोंडाकडून टाकीत जाणारा जाड रबरी पाइप तडकलेला असतो. कार्ब्युरेटरची फ्लोट निडल नीट बसत नसल्याने वाटी ओसंडते. आणि तिसरी जागा सगळ्यात दुर्लक्षित, इंजिनावरच्या झाकणाचं रबरी सील. या गाडीत इंजिन तुमच्या सीटखाली आहे, आणि त्याच्या व तुमच्या मधे फक्त एक पत्रा आणि ते सील. सील कडक झालं की पेट्रोलची वाफच काय, सायलेन्सरच्या जोडातून गळणारा धूरही आत येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. मागे मुलं पेंगतात ती प्रवासाने की याने, हे कळत नाही.

तपासायची सोपी रीत : रात्री गाडी बंद ठेवून खालून इंजिनाजवळ टॉर्च सरकवा, दारं लावून आत बसा. सीटच्या कडेने जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून धूर आत येतो. सील नवं लावा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. आणखी एक : मागचं दार अर्धवट उघडं ठेवून, लांब सामान दोरीने बांधून गाडी चालवू नका. चालत्या गाडीच्या मागे हवा कमी दाबाची होते आणि सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो.

प्रश्न : खंबाटकी घाट चढून वर थांबलो, चहा घेतला, आणि पुन्हा सुरूच होईना. अर्ध्या तासाने आपोआप झाली. दोन मेकॅनिकांनी कार्ब्युरेटर बदलायला सांगितला. (सातारा)

आधी ठिणगी बघा, मग कार्ब्युरेटरवर खर्च करा. गरम असताना बंद पडून थंड झाल्यावर चालू होणं याची कारणं दोन, आणि ती दिसायला अगदी सारखी असतात.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एक प्लग काढा, कॅपला लावून त्याचा धातू इंजिनाला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून लांब, आणि पेट्रोलचा ओलावा कुठे नाही ना हे बघून. ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नसेल तर दोष कंडेन्सरचा किंवा कॉइलचा. दोन्ही गरम झाल्यावर आतून तुटतात आणि थंड झाल्यावर जुळतात. कंडेन्सर स्वस्त आहे, तो आधी बदला.

ठिणगी निळी, कडकडीत असेल तर पेट्रोल उकळतंय. पेट्रोलमधले हलके घटक 40 अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतात. घाट चढताना गाडीखालून हवा वाहत असते. तुम्ही थांबता तेव्हा ती थांबते, पण एक्झॉस्टची उष्णता तशीच वर येत राहते, आणि सीटखालच्या त्या बंद पेटीत कार्ब्युरेटर पुढची दहा-पंधरा मिनिटं उलट तापतच जातो. वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं आणि मिश्रण इतकं जाड होतं की पेटत नाही.

अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून-सोडून पंप मारणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. पेडल एकदाच पूर्ण खाली दाबा, तसंच धरून ठेवा आणि आठ-दहा सेकंद सेल मारा. खोकत खोकत लागेल. चोकला हात लावू नका. कायमच्या उपायासाठी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधला जाड, काळा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत कुणीतरी तो फुटल्यावर नुसतं गॅस्केट घालून काम चालवलेलं असतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून किमान दोन बोटं लांबून फिरवा. पंपाला परतीची नळी असेल तर ती चेपलेली किंवा बंद केलेली नाही ना तेही बघा. आणि घाटमाथ्यावर थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटं चालू ठेवा.

प्रश्न : सरकतं दार मधेच अडकतं, आणि त्याखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो. आधी काय करू? (रत्नागिरी)

आधी पत्रा. दार ज्या पत्र्यावर चालतं तोच खालून गेला असेल तर रोलर कितीही नवे घाला, दार अडकणारच.

किनाऱ्याकाठच्या व्हॅनमध्ये गंज नेहमी याच क्रमाने येतो : सरकत्या दाराची पायरी, मग रबरी मॅटखालचा फ्लोअर, मग मागच्या चाकांच्या कमानी, मग पुढच्या काचेच्या खालच्या कडा. पायरीच्या खालच्या अंगाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती माती-केसांनी बुजली की पावसाळाभर पाणी आतच राहतं. किती गेलंय ते कळायला फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भरलेली पुट्टी) आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बद्द.

डेंटरशी बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, कुजलेला भाग कापून काढायचा, त्याच्यावर पत्रा चढवायचा नाही. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साठून नवा पत्रा दोन पावसाळ्यांत जातो. दुसरी, वेल्डिंग सीओटूचं. गॅसच्या ज्योतीने हा पातळ पत्रा वाकतो आणि दाराची पट्टी तिरपी होते. 20 गेजचा पत्रा पुरेसा. तिसरी, वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. यावर हुज्जत घालणाऱ्या डेंटरकडे गाडी सोडू नका. जोड झाल्यावर इपॉक्सी प्रायमर, जोडावर सीम सीलर, मग खालून काळा कोट, आणि ती पाणी निघायची भोकं तारेने पुन्हा मोकळी. बहुतेक ठिकाणी काळा कोट मारणारा मुलगा ती भोकं बुजवूनच जातो.

दाराचं नंतर. त्याला वर, मधे आणि खाली असे रोलर असतात, आणि सगळ्यात आधी झिजतो तो खालचा, कारण सगळी माती तिथे जाते. दार किंचित उचलून बघा. वर-खाली हलत असेल तर रोलर गेला. पट्टी रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करा आणि ग्रीस फक्त रोलरच्या पिनेला, थेंबभर लावा. पट्टीभर ग्रीस फासलं की त्यावर वाळू चिकटते आणि तीच पॉलिश पेपरचं काम करते.

प्रश्न : पंपावर आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या व्हॅनला चालेल का? (नाशिक)

चालते, पण तिला त्याची सवय नाही. तीन परिणाम होतात.

जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं किंवा ठिसूळ होतं. पाइप, पंपाचा डायफ्राम आणि ॲक्सिलरेटर पंपाचा बारीक डायफ्राम यांना आधी फटका बसतो. पाइप घेताना त्यावर 'जे30 आर9' छापलेलं बघून घ्या, नुसतं 'पेट्रोल पाइप' म्हणून मिळणारा काळा पाइप नको. दुसरं, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. गाडी चढावर दम टाकते, प्लगचं टोक पांढरं दिसतं. मेन जेट एक माप मोठा घातला की बहुधा जमतं. प्लगचा रंग फिकट बिस्किटासारखा आला की थांबा. ॲव्हरेज मात्र सहा-सात टक्क्यांनी कमीच राहील, कारण लीटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. कोणत्याही बाटलीतल्या औषधाने ती वाढत नाही.

तिसरा परिणाम महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाड्यांना सगळ्यात नडतो. इथेनॉल ओल धरतं. पुरेसं पाणी झालं की ते पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं, आणि पाइप तळातूनच ओढतो. गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी गच्च भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धी कधीच ठेवू नका. शेवटच्या दिवशी पेट्रोलचा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी कोरडी होते.

प्रश्न : आजोबांची 1985 ची व्हॅन, नंबर एमएच यायच्या आधीचा. आजोबा गेले, आरसी बुक त्यांच्याच नावावर. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली तर कटकट मिटेल असं एकाने सांगितलं. शिवाय 15 वर्षांवरची गाडी भंगारातच जाते ना? (नागपूर)

उलट्या क्रमाने घेऊ. 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा. महाराष्ट्रात खासगी गाडी पासिंग करून दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदवता येते. ऑगस्ट 2025 च्या सुधारणेनंतर 20 वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 10,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपल्यावर गेलात तर महिन्याला 500 रुपये उशिराचे. नऊ-दहा वर्षं झाली असतील तर हा आकडा आधी कागदावर मांडून बघा.

व्हिंटेजचा नाद सोडा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज ठरते, म्हणजे तुमची 2035 च्या आधी नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आणि मुख्य म्हणजे अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. रविवारी नातवंडांना घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

नाव बदलायला वारसाने नमुना 31 भरायचा असतो. कायद्याने 30 दिवसांत कळवायचं आणि 3 महिन्यांत अर्ज करायचा. ती मुदत उलटली असेल तर दंडासह होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. मात्र त्याच्याही आधी बघायचं ते हे : तीन अक्षरांच्या जुन्या नंबरच्या कितीतरी गाड्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. मोबाइलवर नंबर टाकून बघा. दिसला नाही तर आरटीओत आधी 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ आरसी बुक न्या. झेरॉक्सवर कुणी बोलत नाही.

आणि गाडी रंगवायच्या आधी चेसिस नंबर शोधून त्यावर पांढरा कागद ठेवून शिसपेन्सिलने छाप घ्या, दोन-तीन प्रती. पासिंगच्या वेळी हाच छाप लागतो. रंगारी सँडिंग मशीन फिरवून तो नंबर पुसट करून ठेवतात, आणि मग पुसट नंबरची गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

प्रश्न : मागे समोरासमोर बाकं टाकून मुलांना तसंच बसवायचं आहे, जसे आम्ही बसायचो. बेल्ट लावता येतील का? (ठाणे)

पुढे तोंड असलेल्या सीटला लावता येतील, आडव्या बाकांना नाही. बेल्टचा जोर बोल्टवर नाही, बोल्टमागच्या पत्र्यावर येतो, आणि या गाडीचा फ्लोअर पातळ आहे. नुसतं भोक पाडून वॉशर लावला तर धक्क्याला बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. खालून हाताच्या पंजाएवढी, 3 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी वेल्ड करून तिच्यात 7/16 इंची बेल्टचाच बोल्ट बसवा. पत्रा आधी गंजमुक्त हवा. आडव्या बाकावर बसलेलं मूल ब्रेक मारताच कडेने घसरतं, तिथे बेल्ट पोटात रुततो. या गाडीचं नाक नाहीच, पुढची माणसं पुढच्या चाकांच्या वरच बसतात. तेव्हा मुलं मागे, तोंड पुढे, बेल्ट लावून, आणि वेग पन्नास-साठच्या आत. समोरासमोरची बाकं अंगणात फोटोसाठी टाका.

प्रश्न : माझ्या सासरी 1972 ची फोक्सवॅगनची व्हॅन आहे, नवऱ्याचं बालपण तिच्यात गेलं. आता ती आमच्याकडे आली. मोटारवेवर तासभर चालवल्यावर तेलाचा दिवा लुकलुकतो. (श्टुटगार्ट, जर्मनी)

इंजिन 1600 सीसीचं, हवेने थंड होणारं आहे असं धरून सांगतो. या इंजिनात रेडिएटर नाही, पाण्याचं निम्मं काम तेलच करतं, आणि ते असतं फक्त अडीच लीटर. म्हणून पातळी दर वेळी पेट्रोल भरताना बघायची आणि दर 5,000 किलोमीटरला तेल बदलायचं. फिल्टर नाही, तळाला जाळी आहे. ती दर वेळी काढून धुवायची, दोन्ही गॅस्केट नवी. तिच्या छोट्या नटांना फक्त 7 न्यूटन-मीटर इतकाच जोर. जास्त आवळले की स्टडचे आटे जातात.

फक्त मंद गतीवर, गरम असतानाच लुकलुकत असेल आणि वेग घेतला की विझत असेल, तर आधी तेलाचा दाब मीटर लावून मोजा, सेन्सर खोटंही बोलतो. वेगातही लागत असेल तर गाडी लगेच बाजूला घ्या. बहुतेक वेळा मूळ कारण जास्त तापणं असतं. इंजिनाच्या भोवतीची रबरी पट्टी आणि पत्र्याची झाकणं सगळी जागेवर हवीत. ती नसली की खालची गरम हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण 15 मिलिमीटर आत जावा. व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभी राहिल्यावर, 0.15 मिलिमीटर. तिसऱ्या सिलिंडरची फट दर वेळी कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह ताणला जातोय, हेड काढायची वेळ जवळ आली.

पेट्रोलचे पाइप सगळे बदला, जुने कापडी वेष्टणाचे आतून कुजतात आणि बाहेरून चांगले दिसतात. इंजिन मागे असल्याने पेटलं तरी चालवणाऱ्याला उशिरा कळतं. अग्निशामक सीटखाली न ठेवता हाताला लागेल असा ठेवा. तुमच्याकडे 30 वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक गाडीचा 'एच' नंबर मिळतो, त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. नव्या पद्धतीचे दिवे किंवा स्टिअरिंग बसवायच्या आधी हे तपासून घ्या.

थोडक्यात

*कोल्हापूर :* पाटे (मागचे लोखंडी पानांचे स्प्रिंग) बसलेत म्हणून जास्तीचं पान घालू नका. मागची बाजू कडक होऊन रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर घसरते. पाटे काढून नवे रबरी बुश घाला, बसलेली पानं कमानीला पुन्हा वळवून मिळतात.

*सोलापूर :* सीट थरथरते ती इंजिनाचा दोष म्हणून नाही. तीन सिलिंडर मंद गतीवर थोडे हलतातच. आयडल 850 ते 950 च्या आत आणा, मग इंजिन माउंटिंगची रबरं बघा.

*संभाजीनगर :* पॉइंट, कंडेन्सर, डायफ्राम, प्लग हे भाग कार्ब्युरेटरच्या मारुती 800 चे चालतात, इंजिन एकच आहे. पुढचा चेहरा नंतर बदलला, त्यामुळे दिवे आणि बंपर मात्र जुन्याच गाडीचे शोधावे लागतील. पुण्यात नाना पेठ नव्या भागांसाठी, मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. दुकानात फोटो दाखवून भाग मागू नका. जुना भाग पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर नव्याच्या शेजारी ठेवून बघा.